सभासदांच्या मालकीच्या गोल्फ क्लबच्या बोर्डावर उभे राहावे का?

प्रश्न असा आहे. नॉर्थ कॅरोलायनात रॅलेजवळ राहणारे एक मराठी गृहस्थ आपल्या वसाहतीतल्या गोल्फ क्लबचे सहा वर्षे सभासद आहेत. बिल्डरने नव्वदच्या दशकात बांधलेला हा १८ होलचा क्लब पुढे सभासदांनी विकत घेतला आणि आज मताधिकार असलेले सुमारे ४०० सभासद त्याचे मालक आहेत. उमेदवार सुचवणाऱ्या नॉमिनेटिंग कमिटीने त्यांना यंदा बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहाल का, असे विचारले आहे. क्लबमध्ये ड्यूज म्हणजे सभासदांची नियमित वर्गणी वाढल्याची कुरबूर आहे, सिंचनाची पाइपलाइन वारंवार फुटते आहे आणि ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचे, गवत बदलावे की नाही यावरून दोन तट पडले आहेत. उभे राहावे का, तयारी कशी करावी, भारतीय घरे मोजकीच असताना निवडून येणे कितपत शक्य आहे, आणि उद्या काही बिनसले तर स्वतःच्या खिशाला किती झळ बसेल, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी व्यवसायाने लेखापाल आहे. अशा क्लबांचे हिशेब तपासण्यात आणि पुढे एका क्लबच्या बोर्डावर कोषाध्यक्ष म्हणून काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे माझे उत्तर पैशाच्या बाजूला झुकलेले असेल. मात्र या विषयात तसे झुकणे गैर आहे असे मला वाटत नाही. आपण उभे राहावे असेच मी म्हणेन, परंतु कमिटीला होकार कळवण्याआधी कागद वाचावेत आणि ते वाचून झाल्यावर जे मत बनेल तेच मत घेऊन मतदारांसमोर जावे. बहुतेक उमेदवार आधी निवडून येतात आणि मग ताळेबंद उघडतात. तोपर्यंत त्यांनी प्रचारात अशी काही वचने दिलेली असतात की पुढची तीन वर्षे ती निस्तरण्यातच जातात.

पहिला कागद मिळवण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आपला क्लब संघीय करकायद्याच्या कलम ५०१ (सी) (७) खाली करमुक्त सोशल क्लब म्हणून नोंदलेला असेल, तर त्याला दरवर्षी फॉर्म ९९० हे आर्थिक माहितीचे विवरणपत्र भरावे लागते आणि ते जनतेला पाहण्यासाठी खुले असते. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या संकेतस्थळावर क्लबचे नाव टाकून शोध घ्या आणि मागील तीन-चार वर्षांचे फॉर्म उतरवून घ्या. त्यातल्या भाग १० मध्ये ताळेबंद असतो. तेथे जमीन, इमारती आणि यंत्रसामग्री यांची मूळ किंमत एका ओळीत आणि आजवरचा एकूण घसारा त्याखालच्या ओळीत दिलेला असतो. जमिनीचा आकडा फॉर्मसोबतच्या शेड्यूल डी या पुरवणीतून वेगळा काढून वजा केला आणि उरलेल्या मालमत्तेचा किती भाग घसाऱ्यात गेला आहे हे पाहिले, की क्लब किती म्हातारा झाला आहे ते एका भागाकारात समजते. अर्ध्याहून अधिक मालमत्ता झिजलेली असेल आणि मागील तीन वर्षांत नव्या भांडवली कामांवर झालेला खर्च त्या वर्षांच्या घसाऱ्यापेक्षा सतत कमी असेल, तर क्लब भविष्यातला पैसा आज खात आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. शेड्यूल एल ही पुरवणी भरलेली असेल तर तीही वाचा, कारण बोर्डावरील व्यक्ती किंवा तिचे नातेवाईक यांचे क्लबशी झालेले ठरावीक मर्यादेवरचे व्यवहार तेथे नोंदवावे लागतात. क्लब करमुक्त नसला तर हा दरवाजा बंद असतो. मग सभासद या नात्याने लेखी मागणी करून वार्षिक हिशेब मिळवावे लागतील, आणि तो हक्क राज्याच्या नॉनप्रॉफिट कॉर्पोरेशन कायद्याने आपल्याला दिलेला आहे.

दुसरा कागद म्हणजे बायलॉज, अर्थात क्लबचे उपविधी, आणि सभासदत्वाचा करार. त्यात एक गोष्ट विशेष शोधा: क्लब सोडणाऱ्या सभासदाला प्रवेशरकमेचा किती हिस्सा परत मिळतो आणि कधी मिळतो. सभासदांच्या मालकीच्या अनेक क्लबांनी चांगल्या काळात मोठ्या रकमेची परतफेड कबूल केली, आणि ती रांगेने द्यायची असे ठरवले; म्हणजे तीन किंवा चार नवे सभासद आले की राजीनामा दिलेल्या एकाला पैसे मिळायचे. २००८ नंतर नवे सभासद येणे थांबले आणि या रांगा इतक्या लांबल्या की काहींच्या वारसांवर त्या निस्तरण्याची पाळी आली. २०२० नंतर गोल्फला पुन्हा बरकत आली असली तरी ती जुनी देणी सगळीकडे फिटलेली नाहीत. आपल्या क्लबवर असे किती देणे आहे आणि ते ताळेबंदात दिसते की केवळ तळटिपेत लपलेले आहे, हे माहीत नसलेल्या उमेदवाराने आर्थिक शिस्तीविषयी भाषण करू नये.

आता पाइपलाइनकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या निवडणुकीचा खरा विषय तोच आहे. गोल्फच्या मैदानाचा बराचसा खर्च जमिनीखाली असतो आणि तो कोणालाही दिसत नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ गोल्फ कोर्स आर्किटेक्ट्स या संस्थेने मैदानाच्या निरनिराळ्या भागांच्या अपेक्षित आयुष्याचा जो तक्ता प्रसिद्ध केला आहे, त्यात ग्रीनचे आयुष्य १५ ते ३० वर्षे, सिंचनाच्या पाइपांचे १० ते ३० वर्षे, पंपघराचे १५ ते २० वर्षे आणि बंकरमधील, म्हणजे अडथळा म्हणून केलेल्या खड्ड्यांतील, वाळूचे केवळ ५ ते ७ वर्षे धरलेले आहे. आपला क्लब नव्वदच्या दशकातला असेल आणि पाइप मूळचेच असतील, तर ते फुटणे हा अपघात नाही. त्यांचे वय झाले आहे. मैदानाची निगा राखणाऱ्या सुपरिंटेंडेंटने दरवर्षी अंदाजपत्रकात ही गोष्ट मांडली असेल आणि दरवर्षी बोर्डाने ती पुढच्या वर्षावर ढकलली असेल, असे मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. ती टिपणे मागून घ्या.

हिशेब समजावा म्हणून एक काल्पनिक आकडा घेऊ. संपूर्ण सिंचनव्यवस्था बदलण्यास ३० लाख डॉलर लागतात असे धरा. तयारी नसताना एकदम हा खर्च अंगावर आला, तर ४०० सभासदांवर प्रत्येकी ७,५०० डॉलरचे असेसमेंट, म्हणजे वर्गणीखेरीजची जादा आकारणी, बसते. सभेत आरडाओरड होते, काही घरे राजीनामा देतात आणि उरलेल्यांवर बोजा आणखी वाढतो. तोच खर्च २५ वर्षांत विभागून दरवर्षी १,२०,००० डॉलर बाजूला ठेवले असते, तर महागाई सोडून प्रत्येक सभासदावर महिन्याला २५ डॉलर पडले असते. हा हिशेब मी इंजिनिअरांना, निवृत्त बँक अधिकाऱ्यांना कागदावर मांडून दाखवला आहे. आकडेमोडीला कोणीच हरकत घेत नाही, पण मत देताना मात्र बहुतेकांना ते २५ डॉलर खटकतात, कारण पाइप तेव्हा फुटलेले नसतात. पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थेत राहून आलेल्या माणसाला यात नवल वाटेल. तेथे आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात भरावी लागते, मग कोणाला आवडो वा न आवडो. गोल्फ क्लबच्या बाबतीत येथील कायदा अशी सक्ती करत नाही, म्हणून राखीव निधी असणे किंवा नसणे हे सर्वस्वी बोर्डाच्या धैर्यावर अवलंबून राहते. पुढच्या मोठ्या कामांसाठी किती निधी लागेल याचा स्वतंत्र तज्ज्ञाकडून केलेला अभ्यास, म्हणजे रिझर्व्ह स्टडी, क्लबकडे आहे का, तो किती जुना आहे आणि त्यात सुचवलेल्या रकमेच्या किती टक्के रक्कम प्रत्यक्ष बाजूला ठेवली जाते, हे तीन प्रश्न आपण कमिटीला पहिल्याच भेटीत विचारावेत.

ग्रीनवरच्या गवताचा वाद आपल्याकडे अगदी प्रादेशिक आहे. कॅरोलायना हा असा पट्टा आहे की थंड हवेतल्या बेंटग्रासला येथला उन्हाळा सोसत नाही आणि उष्ण हवेतल्या बर्म्युडाला येथला हिवाळा जड जातो. बेंट ठेवायचे तर जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीनभोवती पंखे लावा, दुपारी हाताने पाणी मारा, बुरशीनाशकांवर खर्च करा. अल्ट्राड्वार्फ बर्म्युडा, म्हणजे बर्म्युडाची अगदी खुजी जात, लावायची तर कडाक्याच्या थंडीत ग्रीन झाकण्यासाठी आवरणे घ्या आणि ती अंथरायला-काढायला माणसे ठेवा. याच राज्यातल्या पाइनहर्स्ट या गोल्फ रिसॉर्टच्या प्रसिद्ध क्रमांक दोनच्या मैदानानेही २०१४ च्या यूएस ओपन स्पर्धांनंतर बेंट काढून अल्ट्राड्वार्फ लावले, हा दाखला आपल्या क्लबमध्ये नक्कीच दिला जात असेल. तो खरा आहे, तरी पाइनहर्स्टकडे आणखी मैदाने आहेत आणि आपल्याकडे एकच आहे, ही गोष्ट त्या दाखल्यात राहून जाते. बदल करायचा तर ऐन उन्हाळ्यात दोन-अडीच महिने ग्रीन बंद ठेवावे लागतात; तेवढ्या काळात सभासद कोठे खेळणार, शेजारच्या क्लबशी करार होईल का, ड्यूजमध्ये सूट द्यायची का, हे बोर्डाने ठरवायचे प्रश्न आहेत. कोणते गवत चांगले हे मात्र बोर्डाने ठरवू नये. त्यासाठी सुपरिंटेंडेंट आहे, आणि त्याच्या मताची पडताळणी हवी असेल तर यूएसजीए या अमेरिकेतील गोल्फ संघटनेच्या ग्रीन सेक्शनचा कृषितज्ज्ञ मानधन घेऊन मैदान पाहून लेखी अहवाल देतो. प्रचारात आपल्याला कोणत्या तटात आहात हे विचारले जाईलच. उत्तर असे द्या की पाइपांचा निर्णय आधी झाल्याशिवाय ग्रीनचा निर्णय होऊ शकत नाही, कारण नव्या ग्रीनला जुन्या पाइपांनी पाणी देणे आणि दोन वर्षांनी तेच मैदान पुन्हा खणणे कोणालाच परवडणार नाही. हे उत्तर मुत्सद्देगिरीचे वाटले तरी ते खरे आहे.

येथून बोर्डाच्या कामाची हद्दही लक्षात यावी. रोजचा कारभार जनरल मॅनेजरचा असतो, आणि बोर्ड त्याला नेमते, त्याचे मूल्यमापन करते, त्याला अंदाजपत्रक देते. संचालकाने स्वयंपाकघरात शिरून सूपमध्ये मीठ जास्त आहे असे आचाऱ्याला सांगणे, किंवा बंकरमधली वाळू कशी सारखी करावी हे मजुराला दाखवणे, हे क्लब बिघडवण्याचे खात्रीचे उपाय आहेत. तरीही बोर्डाच्या बैठकांचे इतिवृत्त वाचा, अर्धा वेळ जेवणघरावरच गेलेला दिसेल, कारण जेवणाविषयी मत असायला ताळेबंद वाचता येण्याची आवश्यकता नसते. बहुतेक क्लबांचे जेवणघर तोट्यातच चालते आणि ती सभासदांसाठीची सोय म्हणून स्वीकारलेली असते. तोटा किती असावा हे एकदा ठरवून विषय मिटवावा.

प्रचारात एक सूचना हमखास ऐकू येईल: ड्यूज वाढवण्याऐवजी बाहेरच्यांना लग्नसमारंभ आणि कंपन्यांच्या स्पर्धा करू द्या, पैसा तिकडून येईल. याला मर्यादा आहे. १९७६ च्या दुरुस्तीपासून करमुक्त क्लबला सभासदांखेरीज इतर स्रोतांतून, गुंतवणुकीचे उत्पन्न धरून, एकूण जमेच्या ३५ टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते, आणि त्यातही बिगरसभासदांनी क्लबच्या सुविधा वापरून दिलेली रक्कम १५ टक्क्यांच्या आत राहावी लागते. शिवाय त्या उत्पन्नातून होणाऱ्या नफ्यावर २१ टक्के कर आहेच. आठ किंवा त्याहून कमी लोकांच्या गटात एक तरी सभासद असेल आणि पैसे सभासदाने वा त्याच्या नियोक्त्याने थेट क्लबला दिले असतील, तर बाकीचे त्याचे पाहुणे मानले जातात. गट त्याहून मोठा असेल तर कोण आले आणि पैसे कोणी दिले याची नोंद ठेवावी लागते. ही नोंद ठेवणारे कोणी कार्यालयात आहे का, हे एकदा विचारून पाहा. उत्तर देताना जो थोडा विलंब होईल त्यातून बरेच कळेल.

प्रत्यक्ष निवडणुकीच्या तयारीत सर्वप्रथम मत कोणाला आहे ते बायलॉजमध्ये पाहा. साधारणपणे एका इक्विटी (मालकीहक्काच्या) सभासदत्वाला एक मत असते. घरात दोघे खेळत असले तरी मत एकच, आणि सोशल किंवा केवळ टेनिसच्या सभासदांना बहुधा मत नसतेच. प्रॉक्सी, म्हणजे दुसऱ्यामार्फत मत, चालते का, गणपूर्ती किती, मतदान ऑनलाइन आहे का, हेही त्यातच सापडेल. जागा तितकेच उमेदवार कमिटीने सुचवले असतील तर निवडणूक नावापुरतीच राहते. परंतु ठरावीक सह्यांच्या अर्जाने इतरांना उभे राहण्याची मुभा बहुतेक बायलॉजमध्ये असते, आणि ड्यूजवरून नाराजी असलेल्या वर्षी असा अर्ज येण्याची शक्यता धरूनच चालावे. अशा उमेदवाराची एकच घोषणा असते: ड्यूज वाढू देणार नाही. १९९४ पासून व्यवसायखर्च म्हणून क्लबच्या ड्यूजची वजावट मिळत नाही आणि २०१८ पासून ग्राहकांना गोल्फ खेळवण्याच्या खर्चाचीही मिळत नाही, तेव्हा वाढलेला प्रत्येक डॉलर आता घरखर्चातूनच जातो. ही घोषणा लोकांना का भावते ते समजून घ्या, पण तिच्याशी स्पर्धा करू नका. आपल्या निवेदनात ती पाइपलाइन, तिचे वय, लागणारी अंदाजी रक्कम आणि मासिक हप्त्याचा हिशेब एवढेच लिहा. आपण कोणत्या कंपनीत कोणत्या पदावर होता याची यादी वाचण्यात मतदारांना फारसा रस नसतो. निकाल विरोधात गेला तरी तो आकडा क्लबमध्ये बोलला जाऊ लागतो आणि पुढल्या वर्षी कोणी तरी तो उचलून धरतो, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

भारतीय असण्याचा प्रश्न मी टाळणार नाही. वंश, वर्ण किंवा धर्म यांवरून भेदभाव करणारी तरतूद क्लबच्या घटनेत वा लेखी धोरणात असेल तर त्या क्लबची करमुक्तता जाते, असे कायदा १९७६ पासून सांगतो. मात्र मतपत्रिकेवरची खूण कायद्याने ठरत नाही, ओळखीने ठरते. आपण सहा वर्षे त्याच चार मराठी मित्रांबरोबर शनिवारी सकाळी खेळत असाल, तर उरलेल्या सुमारे ३९५ घरांना आपण माहीत असण्याचे काही कारण नाही. पुढचे काही आठवडे खेळाच्या वेळा नोंदवणाऱ्या प्रोशॉपमध्ये सांगून एकेकट्याने वेगवेगळ्या गटांत नाव घाला. आठवड्याच्या मधल्या दिवशी खेळणारा निवृत्तांचा गट आणि महिलांची संघटना यांच्याकडे विशेष लक्ष द्या, कारण हे दोन गट सभेला येतात आणि मत देतात. महिलांच्या संघटनेला स्वच्छतागृहे, पुढच्या टी (पहिला फटका मारण्याच्या जागा) आणि दुपारच्या टी टाइमविषयी (खेळ सुरू करण्याच्या वेळा) वर्षानुवर्षे न ऐकलेली गाऱ्हाणी असतात, ती लिहून घ्या. भारतीय घरांची मते आपल्याला मिळतीलच, पण त्यांचा प्रतिनिधी म्हणून उभे राहू नका. बोर्डावर गेल्यावर दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉल मिळवून देण्याची गळ घातली जाईल, तेव्हा तो अर्ज इतरांप्रमाणेच जनरल मॅनेजरकडे करायला सांगावा.

जबाबदारीविषयी. राज्याच्या कायद्याप्रमाणे संचालकाने सद्भावनेने, त्या जागी असलेल्या सामान्य विवेकी माणसाइतकी काळजी घेऊन आणि क्लबचे हित पाहून निर्णय घ्यावा अशी अपेक्षा असते. अशा रीतीने घेतलेला निर्णय पुढे चुकीचा ठरला तरी न्यायालये सहसा त्यात हात घालत नाहीत. या संरक्षणासाठी वाचन, प्रश्न आणि त्यांची इतिवृत्तात नोंद एवढे लागते. १९९७ च्या संघीय व्हॉलंटीअर प्रोटेक्शन कायद्यावर मात्र विसंबू नका, कारण त्याचा रोख धर्मादाय आणि लोकोपयोगी संस्थांकडे आहे आणि खासगी सोशल क्लब त्यात बसतोच असे नाही. म्हणून संचालकांचा दायित्व विमा आहे का, त्याची मर्यादा किती, नोकरीविषयक दावे त्यात येतात का, आणि बायलॉजमध्ये क्लबने संचालकाचा बचावखर्च देण्याचे कलम आहे का, हे पॉलिसीची प्रत हातात घेऊन पाहा. माझ्या पाहण्यातले बहुतेक दावे कामावरून काढलेल्या कर्मचाऱ्यांचे होते, आणि त्यांची सुरुवात एखाद्या संचालकाने जनरल मॅनेजरला वगळून दिलेल्या तोंडी आदेशातून झाली होती. आपला स्वतःचा छतांचा, विम्याचा किंवा घरविक्रीचा व्यवसाय क्लबशी संबंध येण्याजोगा असेल, तर तो पहिल्याच दिवशी लेखी जाहीर करा आणि त्या विषयाच्या चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जा.

मुदत बहुधा तीन वर्षांची असते आणि दरवर्षी एक तृतीयांश जागा बदलतात, त्यामुळे पहिल्या वर्षी आपल्या हातात एकच मत असेल. निवडून आल्यास फायनान्स कमिटी मागून घ्या. क्लबहाउस आणि जेवणघर पाहणारी हाउस कमिटी कोणी आग्रहाने देऊ केली तरी नम्रपणे नाकारा. कमिटीला आज उत्तर पाठवताना होकार किंवा नकार न लिहिता रिझर्व्ह स्टडी, मागील तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि विम्याची पॉलिसी या तीन कागदांची मागणी लिहा. दोन आठवड्यांत ते आले तर वाचून होकार कळवा. एखादा कागद अस्तित्वातच नाही असे उत्तर आले तरीही कळवा, कारण मग निवेदनात काय लिहायचे हा प्रश्न सुटलेला असेल. कागद असूनही ते देण्याची टाळाटाळ झाली, तर मात्र कमिटीच्या यादीत नाव न देता सह्यांचा अर्ज भरून उभे राहा.